सुदानच्या शस्त्रसंधीला पहिल्या दिवसापासून निरीक्षक हवेत: परराष्ट्रमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

सांगली, २२ डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून चाललेल्या यादवी युद्धात निदान तीन महिन्यांची मानवतावादी शस्त्रसंधी व्हावी, असे आवाहन अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती या चार देशांनी १२ सप्टेंबर २०२५ रोजी एकत्रितपणे केले. नोव्हेंबरमध्ये हेमेदती यांच्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाने ती मान्य असल्याचे सांगितले. त्या दलाशी लढणाऱ्या, जनरल बुरहान यांच्या सरकारी लष्कराने ती फेटाळली. आणि पुढे त्या दलाने स्वतःहून एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्यावरही पश्चिम कोर्दोफानमधील बाबनुसा शहराभोवतीची लढाई थांबली नाही. आज ना उद्या दोन्ही बाजूंच्या सह्या एका कागदावर होतील, अशी आशा मी बाळगून आहे. त्या कागदात देखरेखीचे कलम कसे असावे, ती देखरेख कोणी आणि कुठे उभे राहून करावी, आणि या बाबतीत भारताने सह्या होण्यापूर्वीच का बोलले पाहिजे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी सांगलीत राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला प्राध्यापक आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तासाला सुदानचा उल्लेख मी वर्षानुवर्षे करत आलो, पण तो देश आमच्या जिल्ह्यातल्या घरांत पोहोचला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. पांढऱ्या नाईलच्या काठी, रबक शहराजवळ, केनानाचा प्रचंड साखर कारखाना आहे आणि आपल्याकडच्या साखरपट्ट्यात बॉयलरवर, टर्बाइनवर, पॅनवर हात बसलेली सांगली जिल्ह्यातली अनेक माणसे तिथे कामाला होती. माझा एक भाचाही त्यांच्यात होता. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून ७२ तासांची शस्त्रसंधी लागू झाल्याची बातमी आली, तेव्हा इकडे सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण त्याचा फोन आला तो वेगळेच सांगत होता. पोर्ट सुदानला जायला बस ठरवायची होती, डिझेल मिळत नव्हते, चालक पैसे आगाऊ मागत होता, आणि वाटेत किती नाके आहेत, कोणत्या नाक्यावर कोणाची माणसे उभी आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हते. "मामा, रस्ता सुरू हाय असं समदी म्हनत्यात, पर म्हननारा नक्की कोन हाय, त्येच कळंना," असे तो म्हणाला. शस्त्रसंधी जाहीर करणारे वॉशिंग्टनमध्ये होते आणि ती पाळण्याची जबाबदारी असलेले दोन्ही सेनापती एकमेकांवर ती मोडल्याचा आरोप करत होते. काल या वळणावर गोळीबार झाला, आज तिकडून वळसा घ्या, असे रस्त्यावर उभे राहून सांगणारा आणि ज्याच्या शब्दावर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवावा, असा एकही माणूस त्या हजारएक किलोमीटरच्या वाटेवर नव्हता.

माझा भाचा सुखरूप परतला. 'ऑपरेशन कावेरी'त ३,८६२ माणसांना बाहेर काढणाऱ्या आपल्या मंत्रालयाचे, नौदलाचे आणि वायुदलाचे ते ऋण आम्ही सांगलीकर विसरलेलो नाही, आणि म्हणूनच हे पत्र तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही. आमची माणसे परत आली, पण त्याच रस्त्यांवर सुदानी माणसे राहिली, आणि आज त्यांच्यातली एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली आहेत, हे मात्र मनातून जात नाही.

त्यानंतर महिन्याभरात, २० मे २०२३ रोजी, सौदी अरेबियातील जेद्दाह येथे सात दिवसांच्या शस्त्रसंधीचा करार झाला. युद्ध सुरू झाल्यापासून देखरेखीची लेखी तरतूद असलेला तो पहिला करार होता, म्हणून तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. सौदी अरेबिया, अमेरिका, सुदानी लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस यांच्या प्रत्येकी तीन प्रतिनिधींची एक समिती त्यात ठरवण्यात आली होती. कागदावर ही रचना चांगली होती, कारण दोन्ही लढणारे पक्ष तिच्यात होते. पण समितीची बैठक जेद्दाहमध्ये होती आणि लढाई खार्टूम, बहरी आणि ओमदुरमानच्या गल्ल्यांत चालली होती. लाल समुद्राच्या पलीकडे बसून कोणत्या इस्पितळात कोण घुसले आणि कोणत्या वस्तीवर विमानातून बाँब पडला, हे फोनवरून आणि उपग्रहचित्रांवरून ठरवावे लागत होते. लष्कर हवाई हल्ले करते आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस लोकांची घरे व इस्पितळे बळकावते, असे मध्यस्थांनी पुढे जाहीरपणे सांगितलेही; परंतु त्याचा उपयोग झाला नाही आणि ३१ मे रोजी लष्कराने चर्चेतून अंग काढून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुदान सरकारच्या मागणीवरून सुरक्षा परिषदेने तिथली संयुक्त राष्ट्रांची राजकीय मोहीमही गुंडाळली, आणि शब्दाला वजन असलेले उरलेसुरले डोळेही तिथून गेले.

निःशस्त्र निरीक्षक बंदुकीपुढे काय करणार, असे मला वर्गात विद्यार्थी विचारत आणि आता घरी येणारे स्नेहीही विचारतात. आमच्या भागातील ऊस उत्पादकाला या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. काटा कारखान्याचा, काट्यावरचा माणूस कारखान्याचा आणि पावतीही कारखान्याचीच असली, की काटा बरोबर असूनही शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणून वैधमापनशास्त्र, महसूल आणि पोलिस खात्याची माणसे आणि शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी यांचे भरारी पथक न सांगता येते, वजन झालेली गाडी पुन्हा काट्यावर चढवते आणि सर्वांच्या समोर पंचनामा करते. काटा खरा असेल तर कारखान्याचे नाव राहते, खोटा असेल तर लबाडी उघडी पडते, आणि दोन्ही वेळा हाणामारी टळते. यादवी युद्धातल्या दोन सेनापतींमध्ये तर यापेक्षा कितीतरी खोल अविश्वास असतो. समोरचा खरोखर थांबला आहे की थांबल्याचे दाखवून कुमक आणतो आहे, हे कळायला मार्ग नसला, की थांबण्याची इच्छा असणारा सेनापतीही भीतीपोटी आधी गोळी झाडतो. निरीक्षकाचे पहिले काम ही भीती कमी करण्याचे आहे. अपराध्याला पकडण्याचे काम त्याच्याकडे नसते आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही नसावे.

हे घडू शकते, आणि सुदानमध्येच घडलेले आहे. १९ जानेवारी २००२ रोजी स्वित्झर्लंडमधील ब्युर्गेनश्टॉक येथे खार्टूम सरकार आणि नुबा डोंगरातील बंडखोर यांच्यात फक्त त्या डोंगराळ प्रदेशापुरती शस्त्रसंधी झाली. तिच्या देखरेखीसाठी नॉर्वेचे ब्रिगेडियर जनरल यान एरिक विल्हेल्मसन यांच्या अध्यक्षतेखाली एक संयुक्त लष्करी आयोग नेमला गेला. त्या आयोगाचे मुख्यालय ना जिनिव्हात होते ना नैरोबीत. ते कादुगली शहराजवळ, प्रत्यक्ष युद्धभूमीत होते. निरीक्षक निःशस्त्र होते आणि त्यांची संख्या फार नव्हती. पण प्रत्येक पथकात एक परदेशी निरीक्षक, एक सरकारी अधिकारी आणि एक बंडखोरांचा अधिकारी असे तिघे बरोबर असत. कालपर्यंत एकमेकांवर बंदूक रोखणारे दोघे एकाच गाडीतून एकाच गावात उतरत, तिथल्या म्हाताऱ्याला तेच प्रश्न विचारत, जळालेली तीच झोपडी पाहत, आणि मुक्कामी परत येताना त्याच खड्ड्यांतून परत येत. अशा गाडीवर गोळी झाडायची तर आपल्याच माणसावर झाडावी लागते. गावात काय घडले याबद्दल दोन कथा उरत नाहीत, आणि उरल्या तरी त्यांतला फरक अध्यक्षांसमोर बसून मिटवता येतो. मुळात सहा महिन्यांसाठी केलेली ती शस्त्रसंधी पुन्हा पुन्हा वाढवत तीन वर्षे टिकली, परागंदा झालेले लोक शेतात परतले, आणि खार्टूम सरकार व दक्षिणेतील बंडखोर यांच्यातील २००५ च्या सर्वंकष शांतता कराराला तो अनुभव उपयोगी पडला.

त्याच नुबा डोंगरांत २०११ च्या जूनमध्ये पुन्हा युद्ध पेटले, आणि पुढच्याच महिन्यात सुदान सरकारने मुदतवाढ नाकारल्यामुळे तिथली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना परतली. या महिन्याच्या १३ तारखेला कादुगली येथे, सुदान व दक्षिण सुदान यांच्यातील वादग्रस्त अबेई प्रदेशासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या रसद तळावर ड्रोनहल्ला होऊन बांगलादेशाचे सहा शांतिसैनिक मृत्युमुखी पडले. ज्या शहराजवळून एका आयोगाने निःशस्त्र माणसांच्या बळावर शांतता राखली, त्याच शहरात आज निळे शिरस्त्राण घातलेले सैनिक मारले जातात. यावरून निरीक्षणाचा मार्ग फसला असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. २००२ मध्ये दोन्ही पक्षांची संमती होती, अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांनी लक्ष घातले होते आणि निरीक्षक करारातूनच जन्माला आले होते. आज कादुगलीतल्या सैनिकांच्या पाठीशी या युद्धापुरता असा कोणताच करार नाही.

महोदय, भारताचा यात संबंध काय, हे आपल्याला मी सांगावे असे नाही, पण जे वाचक हे पत्र वाचतील त्यांना ते ठाऊक असावे. २००५ च्या करारानंतर सुदानमध्ये आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय तुकडी आज दक्षिण सुदान या वेगळ्या देशात असलेल्या अप्पर नाईल भागात, मलाकाल येथे होती. त्या करारानुसार शस्त्रसंधीच्या सर्व तक्रारी एका संयुक्त लष्करी समितीपुढे येत आणि त्या समितीचे अध्यक्षपद मोहिमेच्या सेनापतीकडे असे. २००६ ते २००८ या काळात ते सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल जसबीरसिंग लिड्डर होते. नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस मलाकाल शहरात सरकारी सैन्य आणि दक्षिणेचे सैन्य यांच्यात रस्त्यावरची लढाई पेटली आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. २००५ चा करार त्या आठवड्यात कोसळू शकला असता. पण दोन्ही बाजूंचे अधिकारी आधीपासून एका समितीत समोरासमोर बसत होते, एकमेकांना नावाने ओळखत होते, आणि समितीचा अध्यक्ष त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत होता; त्यामुळे काही दिवसांतच दोन्ही सैन्ये मागे घेण्यात आली. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. शांतिसेनेत सुमारे १८० भारतीय जवानांनी प्राण दिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण भारतीय सेनापतीच्या अध्यक्षतेखाली टेबलापाशी बसून एक युद्ध पुन्हा पेटता पेटता थांबवले गेले, हेही तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे.

त्याआधीचा आपला अनुभव इंडोचायनाचा आहे आणि तो कडू आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया येथील देखरेख आयोगांचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सदस्य. एकट्या व्हिएतनाममध्ये उत्तर-दक्षिण मिळून चौदा स्थिर पथके होती. सुरुवातीच्या तीनशे दिवसांत सैन्यांची आणि लोकांची जी अफाट हलवाहलव झाली, तिच्यावर या पथकांनी चांगली नजर ठेवली. पुढे मात्र कोणत्या बंदरात उतरलेली पेटी उघडून पाहायची, कोणत्या विमानतळावर जायचे, याची परवानगी, संपर्क अधिकारी आणि बऱ्याचदा वाहनही त्या त्या सरकारकडून मिळण्याची वाट पाहावी लागे. दोन्ही बाजू करार मोडत आहेत, हे स्पष्ट शब्दांत सांगणारा आयोगाचा विशेष अहवाल जून १९६२ मध्ये आला, आणि तोही पोलंडच्या असहमतीसह. तोपर्यंत ते युद्ध अहवालाने थांबण्यापलीकडे गेले होते. निरीक्षकाची गाडी, तिचे इंधन आणि तिचा चालक लढणाऱ्या पक्षाचा असेल, तर निरीक्षक त्याला दाखवायचे तेवढेच पाहतो. आणि पाहिलेले सांगायला वर्षे लागत असतील, तर त्या पाहण्याचा मरणाऱ्या माणसाला उपयोग होत नाही. भारतीय मुत्सद्द्यांना हे सत्तर वर्षांपासून माहीत आहे.

निरीक्षणाच्या मर्यादा मी लपवू इच्छित नाही. सीरियात कोफी अन्नान यांच्या योजनेनुसार १२ एप्रिल २०१२ रोजी गोळीबार थांबला आणि सुरक्षा परिषदेने तीनशेपर्यंत निःशस्त्र निरीक्षक पाठवले. नॉर्वेचे मेजर जनरल रॉबर्ट मूड त्यांचे प्रमुख होते. २५ मे रोजी हूला येथे १०८ लोक मारले गेले आणि त्यांत ४९ मुले होती. दुसऱ्या दिवशी निरीक्षक तिथे पोहोचले, मृतदेह मोजले आणि रणगाड्यांचे व तोफांचे गोळे तिथे पडल्याचे नोंदवले, म्हणून सुरक्षा परिषदेला एकमुखाने निषेध करता आला. एरवी रशिया आणि अमेरिका त्या गावाबद्दलही भांडत बसले असते. जूनमध्ये हमाजवळच्या अल-कुबैर या वस्तीकडे निघालेल्या निरीक्षकांना वाटेत अडवले गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ते पोहोचले तेव्हा वस्ती रिकामी होती. १६ जूनला मूड यांनी गस्त थांबवली आणि ऑगस्टमध्ये मोहीम संपली. ज्यांना लढायचेच होते, त्यांना तीनशे निःशस्त्र माणसे रोखू शकली नाहीत, हे खरे आहे. पण हूलाच्या त्या मुलांची संख्या कोणालाही नाकारता आली नाही, हेही खरे आहे, आणि पुढे कधी न्यायालय बसले तर तिथे ही नोंद उपयोगी पडणार आहे.

आपल्या शेजारची श्रीलंका तर आणखी शिकवून जाते. २२ फेब्रुवारी २००२ च्या शस्त्रसंधीवर नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांच्या निरीक्षकांची नजर होती. जिल्हावार समित्या होत्या, त्यांत सरकारचे दोन, तमिळ वाघांचे दोन आणि एक परदेशी निरीक्षक अशी पाच माणसे बसत. पहिली काही वर्षे त्या व्यवस्थेने जाफन्यातल्या सामान्य माणसाला तक्रार नोंदवायला एक दार दिले. पण उल्लंघनांच्या नोंदी हजारांत गेल्या, त्यांतली फार मोठी संख्या वाघांच्या नावावर होती, आणि नोंद झाल्यावर पुढे काय करायचे हे करारात नव्हतेच. २००६ मध्ये युरोपीय संघाने वाघांना दहशतवादी ठरवताच वाघांनी त्या संघातल्या तीन देशांचे निरीक्षक नकोत असा हट्ट धरला, आणि सप्टेंबरपासून नॉर्वे व आइसलंडची मूठभर माणसे उरली. जानेवारी २००८ मध्ये सरकारने करारच संपवला. उल्लंघन मोजणे आणि उल्लंघनाला किंमत मोजायला लावणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कोणीतरी सामर्थ्यवान आपल्या अंगावर घेतल्याशिवाय पहिले काम करणारा माणूस हळूहळू केवळ हिशेबनीस होतो. याच्या उलट, इंडोनेशियातल्या आचे प्रांतात २००५ च्या हेलसिंकी करारानंतर युरोपीय संघ आणि आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतील पाच देशांच्या निरीक्षकांसमोर बंडखोरांनी ८४० शस्त्रे टप्प्याटप्प्याने मोडायला दिली आणि त्याच टप्प्यांनी सरकारी फौजा हटल्या. तिथे वाद निर्माण झाल्यास निरीक्षकांच्या प्रमुखाचा निर्णय बंधनकारक होता आणि दोन्ही पक्षांनी ते आधीच लिहून दिले होते.

आता दूरवरून सगळे दिसते, माणसे कशाला पाठवायची, असा युक्तिवाद गेल्या काही वर्षांत वाढला आहे. त्याला एल-फाशेर हे उत्तर आहे. उत्तर दार्फुरच्या या राजधानीला रॅपिड सपोर्ट फोर्सेसने मे २०२४ पासून वेढा घातला. १३ जून २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने २७३६ क्रमांकाच्या ठरावाने तो वेढा उठवण्याची मागणी केली. अमेरिकेतील येल विद्यापीठाची संशोधन प्रयोगशाळा उपग्रहचित्रे पाहून शहराभोवती मातीचे बांध कसे उभे राहत आहेत, लोकांच्या बाहेर पडण्याच्या वाटा कशा बंद होत आहेत, हे सातत्याने जगाला सांगत होती. सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत तो फास आवळला गेला आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. नंतरच्या हत्याकांडाच्या खुणाही उपग्रहांनीच टिपल्या. आकाशातली चित्रे अमूल्य आहेत आणि निरीक्षकांना ती मिळालीच पाहिजेत. परंतु उपग्रह नाक्यावरच्या सुभेदाराशी बोलू शकत नाही, अडकलेल्या बसला वाट मागू शकत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एका चटईवर बसवू शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, होऊ घातलेल्या शस्त्रसंधीचा मसुदा रियाध, अबूधाबी, कैरो आणि वॉशिंग्टन यांच्यात फिरत असतानाच भारताने या चारही राजधान्यांत देखरेखीच्या कलमाचा आग्रह धरावा. भारत आज सुरक्षा परिषदेचा सदस्य नाही. २०२८-२९ साठी आपण उमेदवार आहोत. पण या चारही देशांशी आपले संबंध इतके निकटचे आहेत की आपले म्हणणे ऐकून घेतले जाईल. आपण एवढेच म्हणावे की निरीक्षक शस्त्रसंधी लागू होण्याच्या दिवशी सुदानच्या भूमीवर असले पाहिजेत, त्यांची वाहने आणि हेलिकॉप्टर त्यांची स्वतःची असली पाहिजेत, नुबा डोंगरातल्याप्रमाणे प्रत्येक पथकात दोन्ही बाजूंचा अधिकारी असला पाहिजे, आणि त्यांचा अहवाल ठरलेल्या दिवसांत, उल्लंघन करणाऱ्याचे नाव घेऊन, अरबीत आणि सुदानी लोकांना वाचता येईल असा जाहीर झाला पाहिजे. धावपट्ट्यांवर आणि सीमेवरच्या रस्त्यांवरही ही पथके हवीत. दार्फुरवर २००४ पासून शस्त्रबंदी असूनही तिथे शस्त्रे येत आहेत. ती अमिरातीतून येतात असा सुदानच्या लष्करी सरकारचा आरोप आहे आणि अमिरातीने तो ठामपणे नाकारला आहे. आरोप खरा की खोटा, हे धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटस्थ माणसाइतके चांगले कोणीच सांगू शकणार नाही, आणि नाकारणाऱ्या देशालाही त्यात हरकत असण्याचे कारण नाही.

पहिल्या दिवशी माणसे आणायची कुठून, हा प्रश्न नेहमी येतो, कारण सुरक्षा परिषदेचा ठराव, निधी आणि भरती यांत महिने जातात आणि बहुतेक शस्त्रसंधी त्या महिन्यांतच मरतात. नेपाळमध्ये २००७ च्या सुरुवातीला हीच अडचण आली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रनिरीक्षक पुरेशा संख्येने पोहोचेपर्यंत माओवाद्यांच्या शस्त्रांच्या कंटेनरवर लक्ष ठेवायला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले नेपाळी सैनिक नेमले गेले. त्यांना शिस्त होती, भाषा येत होती आणि दोन्ही बाजूंना ते चालत होते. मलाकालच्या मोहिमेत सेवा केलेले आणि तिथल्या पावसाळ्यात रस्ते कसे बंद होतात, नाक्यावर कसे बोलायचे हे जाणणारे अधिकारी आज देशभर निवृत्त होऊन बसले आहेत. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगेसारख्या गावांत घरटी फौजी आहे आणि सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतही अशी गावे कमी नाहीत. अशा अनुभवी माणसांची एक यादी मंत्रालयाने संरक्षण मंत्रालयाच्या मदतीने आजच तयार ठेवावी आणि ती निःशस्त्र सेवेसाठी उपलब्ध असल्याचे मध्यस्थांना लेखी कळवावे. त्यांच्या सोबतीला सुदानमधलीच माणसे हवीत. संकटाच्या काळात मोहल्ल्या-मोहल्ल्यांत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणाऱ्या 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स'च्या तरुण स्वयंसेवकांना कोणत्या गल्लीत काय घडले हे सर्वांत आधी कळते. त्यांच्याकडून माहिती घेताना त्यांचे नाव फुटणार नाही, याची हमी मात्र करारातच हवी, नाहीतर निरीक्षकाशी बोललेल्या माणसाचा जीव निरीक्षक गेल्यावर धोक्यात येतो.

परक्या निरीक्षकांबद्दल आपल्या देशाचे मत फारसे अनुकूल नाही, याची मला कल्पना आहे. काश्मीरमध्ये १९४९ पासून असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाचे प्रयोजन १९७२ च्या सिमला करारानंतर संपले, ही भारताची भूमिका मी वर्गात अनेकदा मांडली आहे आणि ती मला पटते. परंतु दोन सार्वभौम देशांना एकमेकांशी थेट बोलण्याचा मार्ग असतो, तो ज्या सुदानी माणसावर दोन फौजा चाल करून आल्या आहेत त्याच्याकडे नाही. दोन्ही पक्षांच्या संमतीने, ठरलेल्या मुदतीसाठी आणि निःशस्त्र, अशा देखरेखीला पाठिंबा दिल्याने आपल्या त्या भूमिकेला कुठे बाधा येते, असे मला दिसत नाही.

शेवटी एक लहानशी मागणी आहे. २००५ ते २०११ या काळात सुदानमधल्या संयुक्त लष्करी समित्यांवर काम केलेल्या भारतीय अधिकाऱ्यांची टिपणे आणि अनुभव मंत्रालयाकडे व सेनादलांकडे असतीलच. त्यांतला जेवढा भाग उघड करता येईल तेवढा एकत्र करून तो मध्यस्थ देशांना आणि आफ्रिकी महासंघाला द्यावा, आणि मराठीसह आपल्या भाषांत तो प्रसिद्धही करावा. या पत्राला उत्तर मिळाले तर ते मी केनानाहून परतलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या कुटुंबांना वाचून दाखवीन. त्यांच्यातले कित्येक जण आजही तिथल्या सहकाऱ्यांच्या फोनची वाट पाहतात.

कळावे,

आपला विश्वासू,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
विश्रामबाग, सांगली